किल्ल्याच्या दारातला क्यूआर कोड आणि माझे 48,550 रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे नातेवाइकांच्या चौकशा थांबतील. 299, मग 2, मग 9,999, 24,500 आणि 13,750. एकूण 48,550 रुपये. लॉटरीच्या मोहाला बळी पडलो नाही की कुठल्या बाईच्या व्हिडिओ कॉलला. पाहुण्यांना गाव दाखवायला निघालो होतो.

पुण्याहून मेहुणी आणि साडू आले होते. साडूंना गाइड नको, रिक्षावाला नको, "आपलं आपण फिरू" हा त्यांचा हट्ट. मी खानापूरचा, हायस्कूलला इतिहास शिकवून निवृत्त झालो. बेळगाव मला पाठ आहे. तरी किल्ल्याच्या दारात, दुर्गादेवीच्या देवळाजवळच्या खांबावर स्टिकर दिसलं: स्कॅन करा, कानात ऐकत शहर फिरा. कन्नड, इंग्रजी आणि खाली चक्क मराठी! आमच्याकडे पाटीवर मराठी अक्षर दिसलं की काळीज विरघळतं हो. चोरांना हे नेमकं ठाऊक होतं.

फुकटचा नमुना ऐकला. त्यात एक बाई गोड आवाजात सांगते, गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेसचं अधिवेशन 1942 साली किल्ल्यात भरलं. अरे! ते डिसेंबर 1924 मध्ये टिळकवाडीत झालं. त्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून तिथं आहे, आणि 2024 मध्ये शंभर वर्षं झाली म्हणून गावभर रोषणाई केलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली. 1942 च्या ऑगस्टपासून तर गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते.

इथं मी थांबायला हवं होतं. ज्यांना गावाचा एवढा मोठा प्रसंग माहीत नाही, ते गाव काय दाखवणार? पण मी काय केलं? मास्तर ना मी! व्हॉट्सॲपवर त्यांची चूक दुरुस्त करून पाठवली. दोन मिनिटांत उत्तर: "सर, आपल्यासारखे जाणकार आम्हाला हवेत. पुढच्या आवृत्तीत आपलं नाव टाकू. आपल्याला चौघांचा पॅक फक्त 299 ला." मी ते साडूंना मोठ्यानं वाचून दाखवलं. अजून आठवलं की कान गरम होतात.

299 भरले. मग फाइल आली, शेवटी एपीके लिहिलेली, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये टाकायचं ॲप. प्ले स्टोअरवर का नाही, असं विचारलं तर म्हणे "मंजुरी चालू आहे सर". फोननं इशारा दिला, मी "तरीही इन्स्टॉल" दाबलं. ॲपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. कमळ बस्तीची, म्हणजे किल्ल्यातल्या जैन मंदिराची, माहिती सांगणाऱ्या ॲपला माझे मेसेज कशाला वाचायचेत, हा प्रश्न आज पडतो. मग पडताळणीसाठी 2 रुपये, तेही कार्डानंच भरा म्हणे. कार्डाचा नंबर टाकला, मागचे तीन आकडेही टाकले. स्क्रीनवर 38 टक्क्यांवर चाक फिरत राहिलं, "बंद करू नका".

ते चाक फिरत असताना मी पाहुण्यांना तोंडीच सगळं सांगत होतो. 1204 सालची कमळ बस्ती, आतले नेमिनाथ, छतातलं दगडी कमळ, पुढं सफा मशीद. म्हणजे जे विकत घेतलं ते माझ्याकडं फुकट होतं! तेवढ्या वेळात 34,499 गेले. ओटीपी येत होते आणि मला न दिसता तिकडं पोचत होते.

बाजारात कुंद्याचे, आमच्या बेळगावी मिठाईचे, पैसे दिले आणि सवयीनं शिल्लक बघितली. मेहुणीच्या हातात अर्ध्या किलोचा डबा, आणि मी भिंतीला टेकलेला.

3.50 ला बँकेच्या जवळच्या शाखेत उभा होतो. वेळ लक्षात ठेवा, कारण पुढं तीच कामाला येते. साहेब म्हणाले, "तुमचं खातं खानापूरचं की, तिकडं सांगा." कार्ड बंद करा म्हटलं तर सर्व्हर स्लो. 4.12 ला, त्यांच्या टेबलासमोर बसलेलो असताना, उरलेले 13,750 गेले. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "ओटीपी तुम्हीच दिला असणार." कार्ड आपल्याच बँकेच्या ॲपमधून बंद करता येतं, हे मला त्या रात्री भाच्यानं सांगितलं. तुम्ही आजच ते बटण शोधून ठेवा. आणि असं काही घडलं तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, वायफायसकट बंद.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली, ती शाखेत जायच्या आधी नोंदवायला हवी होती. मग पोलीस. पहिल्या ठाण्यात "हे सायबरकडं". तिथं साहेब बंदोबस्ताला, "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो तर मराठी अर्ज चालेना, कन्नडमध्ये आणा. तिसऱ्या दिवशी निपाणीकडच्या एका हवालदारानं मराठीत बोलून, कन्नडमध्ये लिहून दिलं. देव त्याचं भलं करो. स्टिकर काढून टाका म्हटलं तर ते आमचं काम नाही. ज्यांचं काम म्हणाले, त्यांनी सांगितलं की किल्ला आमच्या हद्दीत येत नाही. चार कार्यालयं, एक स्टिकर!

47 दिवसांनी बँकेचं पत्र आलं: ग्राहकाचा निष्काळजीपणा. 34,499 बद्दल मी मान खाली घालतो. पण रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणं ग्राहकानं कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं असतं. 13,750 मी सोडणार नाही. मात्र 3.50 ला मी तोंडी सांगितलं, लेखी पोच घेतली नाही. तुम्ही वेळ टाकून, शिक्का मारून घ्या, साहेब कितीही कुरकुरले तरी.

परवा किल्ल्यात पुन्हा गेलो. स्टिकर तिथंच. घराच्या किल्लीनं खरवडलं तर खाली आणखी एक, तसलंच. देवळासमोरची फुलवाली म्हणाली, "अवो सर, काल एक बाई बी असंच खरवडत हुती."