51 टक्के आमचे, शिक्का त्याचा

जुलै 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेश व्यापार रुपयात करायची वाट मोकळी केली, तेव्हापासून रशियाला माल पाठवू पाहणाऱ्या सोलापूर-इचलकरंजीच्या पोरांचे मला सारखे फोन येतात. 'तिकडचा एक चांगला माणूस मिळालाय, त्याच्यासोबत कंपनी काढतोय, 51 टक्के आपले.' हे ऐकलं की पोटात गोळा येतो. आमचेही 51 टक्केच होते.

सोव्हिएत काळात तिकडे सरकारी संस्था खरेदी करायच्या, पैसे रुपया-रुबल करारातून मिळायचे. 1991 नंतर ते बंद झालं आणि खासगी आयातदार आले. ऑगस्ट 1998 मध्ये रुबल कोसळला. सहा रुबलचा डॉलर काही आठवड्यांत पंधराच्या वर गेला आणि आमच्या टॉवेलांचे गिऱ्हाईक असलेले बरेच आयातदार त्यात संपले. म्हणून पुढे मॉस्कोत स्वतःचीच कंपनी काढायचं ठरलं. भांडवल कायद्याने फक्त 10,000 रुबल पुरायचं. स्थानिक भागीदार जनरल डायरेक्टर झाला.

खरी गोम इथेच आहे. रशियन कायद्यात कंपनीच्या वतीने कुलमुखत्यारपत्राशिवाय सही करू शकतो तो हा डायरेक्टर. भागधारक कितीही टक्क्यांचा असो, त्याच्या सहीला बँकेत किंमत नाही. तेव्हा गोल शिक्काही सक्तीचा होता (ती सक्ती 2015 मध्ये गेली). आमच्या भागीदाराकडे तो निळ्या शाईचा शिक्का छोट्या पत्र्याच्या डबीत असायचा आणि डबी कोटाच्या आतल्या खिशात. बँकेत दिलेल्या सह्यांच्या नमुना कार्डावर दुसरी सही मुख्य हिशेबनीसाची होती. ती बाई त्याची मेहुणी निघाली.

सुरुवातीच्या कंटेनरचे पैसे चोख आले. मग नववर्षाच्या खरेदीसाठी म्हणून त्याने एकदम मोठा माल मागवला. टॉवेल कस्टममधून सुटले आणि त्याने ते सगळे दुसऱ्या एका कंपनीला उधारीवर विकले. ती कंपनी नुकतीच नोंदलेली, तिचा डायरेक्टर कंपनी नोंदवायला आपला पासपोर्ट वापरू देऊन चार पैसे मिळवणारा कॉलेजचा मुलगा. पत्त्यावर गेलो तर साधी राहती इमारत. खाली बसणाऱ्या आजीबाईंनी न उघडलेल्या पाकिटांचं एक खोकंच पुढे सरकवलं. कितीतरी वेगवेगळ्या कंपन्यांची नावं होती त्यावर, आणि पाठवणारं बहुतेक कर खातं.

51 टक्क्यांच्या जोरावर भागधारकांची सभा घेऊन त्याला काढला. पण शिक्का, हिशेब, करार सगळं त्याच्याच ताब्यात. नवा डायरेक्टर सरकारी नोंदवहीत चढेपर्यंत खातं रिकामं झालं होतं. वकील म्हणाले, मालमत्तेच्या 25 टक्क्यांवरच्या व्यवहाराला सभेची मंजुरी लागते खरी, पण रोजच्या धंद्यातली विक्री त्यात धरत नाहीत. आर्बित्राझ न्यायालयात (हा लवाद नव्हे, सरकारी व्यापारी न्यायालय आहे) त्या खरेदीदार कंपनीविरुद्ध निकाल आमच्या बाजूने लागला. वसूल करायला तिथे काही उरलंच नव्हतं.

आता परिस्थिती बरी आहे, पण तिचा फायदा घ्यायला हवा. समोरच्या कंपनीचा दहा आकडी कर क्रमांक मागा. रशियन कर खात्याच्या नोंदवहीत तो टाकला की डायरेक्टर कोण, कंपनी कधीची, भांडवल किती, पत्ता खोटा असल्याचा शेरा आहे का, हे सगळं फुकट दिसतं. दुभाष्या मात्र तुमचा हवा, भागीदाराने दिलेला नको. आणि कंपनी काढायचीच असेल तर सप्टेंबर 2014 पासून तिथे दोन डायरेक्टर, दोघांच्या सह्या एकत्रच ग्राह्य, अशी तरतूद करता येते. ती कंपनीच्या घटनापत्रात (नियमावलीत) घाला आणि नोंदवहीत चढलेली स्वतः बघा. ठरावीक रकमेवरची उधारी सभेच्या मंजुरीशिवाय नाही, हे कलमही घटनापत्रातच घाला. भागीदार या दोन गोष्टींना नाही म्हणाला, तर कंपनी काढू नका. त्याला आगाऊ पैसे भरून माल घेऊ द्या.