मेनूथ कॅसल, किल्डेअर: ट्यूडर राजांची आयरिश सरहद्द समजून घ्यायची तर इथेच जा

डब्लिनला जाणार असाल आणि ट्यूडर काळात, म्हणजे हेन्री सातवा-आठवा यांच्या इंग्रज राजघराण्याच्या काळात, थोडा जरी इंटरेस्ट असेल तर मेनूथ कॅसल अजिबात सोडू नका. कॉनोली स्टेशनवरून लोकल मिळते, साधारण 25 किलोमीटर, एंट्री फ्री, वर गाइडेड टूर. माझ्याकडून पाचपैकी पाच.

याआधी मी एका कंपनीची बस टूर घेतली होती, नाव लिहीत नाही, तिथे हेन्री आठवा म्हणजे सहा बायका यापलीकडे काही सांगितलंच नाही. इथल्या गाइड बाईंनी मात्र सरहद्दीचा कारभार चालायचा कसा तेच उलगडून दाखवलं. राजाचा हुकूम खऱ्या अर्थाने चालायचा तो डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअरच्या पट्ट्यात, त्याला पेल म्हणायचे, पलीकडे गेलिक, म्हणजे मूळ आयरिश सरदार, आणि मधली गावं त्यांना ब्लॅक रेंट नावाची खंडणी देऊन जीव वाचवायची. 1494-95 च्या पार्लमेंटने सरहद्दीवर 6 फुटी मातीचे बांध घालायचा हुकूम काढला, पण बांधाने काय होणार, तिथे माणसं आणि गढ्या लागतात, आणि त्या होत्या किल्डेअरच्या अर्लकडे, म्हणजे तिथल्या बड्या सरदार घराण्याकडे. हा मेनूथ त्यांचाच.

आठव्या अर्लने 1487 मध्ये इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या लँबर्ट सिम्नेल या तोतयाला पाठिंबा दिला, डब्लिनच्या क्राइस्ट चर्चमध्ये त्याचा राज्याभिषेकसुद्धा झाला, तरी हेन्री सातव्याने माफ केलं. पुढे त्याला डेप्युटी, म्हणजे आयर्लंडमधला राजाचा प्रतिनिधी, या पदावरून काढून पॉयनिंग्ज या इंग्रजाला फौज देऊन पाठवला, पण त्या फौजेचा खर्च झेपेना, म्हणून 1496 मध्ये परत अर्ललाच डेप्युटी केलं. मला हा भाग सगळ्यात जास्त पटला. स्वतःच्या माणसांवर आणि स्वतःच्या पैशावर सरहद्द सांभाळणारा माणूस राजाला स्वस्तात पडत होता, बाकी सगळं मग चालवून घेतलं जायचं.

हे मोडलं 1534 मध्ये. नववा अर्ल लंडनला अडकलेला, त्याला मारल्याची अफवा आली आणि त्याचा विशीतला मुलगा सिल्कन थॉमस याने सेंट मेरीज ॲबीमध्ये भर कौन्सिलसमोर राज्याची तलवार खाली टाकली, म्हणजे राजाविरुद्ध बंडच पुकारलं. 1535 च्या मार्चमध्ये राजाचा डेप्युटी स्केफिंग्टन तोफा घेऊन मेनूथवर आला. किल्लेदार फितूर झाला, त्याला कबूल केलेले पैसे मोजून दिले आणि मग त्याचंच डोकं उडवलं, अशी गोष्ट सांगतात. शरण आलेल्यांपैकी बहुतेकांना मारलं, त्याला उपरोधाने मेनूथची माफी म्हणतात. दरवाजातून आत शिरताना भिंतीची जाडी बघा आणि मग तोफांचा विचार करा, अंगावर काटा येतो. 1537 मध्ये टायबर्नला थॉमस आणि त्याच्या पाच काकांना फाशी दिली, आणि त्यानंतर डेप्युटी इंग्लंडचाच, सोबत कायमची फौज, खर्च लंडनच्या तिजोरीतून. तो खर्च पुढे वाढतच गेला आणि 1556 मध्ये पेलच्या पलीकडच्या लीश-ऑफली भागात जमिनी काढून घेऊन इंग्रज वसवायचा प्लॅन आला, त्याची मुळं इथेच दिसतात.

आत अर्ल घराण्यावर छोटं प्रदर्शन आहे, ते टूरच्या आधी वाचा, नावं डोक्यात बसतात, नाहीतर सगळेच जेराल्ड वाटतात. थंडीत बंद असतं, तारखा बघूनच निघा.