ऑनलाइन विमान-अंतर कॅल्क्युलेटर: सातारा ते लंडन टाकून पाहिलं तर

दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगणाऱ्या फुकट साइट आता ढिगाने आहेत. साताऱ्यातून परदेशी मुलांकडे जाणारे आई-वडील तिकीट काढण्याआधी तिथे हमखास डोकावतात. माझ्याकडून या साइटना अंतरासाठी ५ पैकी ४ गुण, वेळेसाठी जेमतेम २.

‘सातारा ते लंडन’ला साधारण ७,४०० किमी आणि पावणेदहा तास असं उत्तर येतं. अंतर बरोबर आहे. पृथ्वीगोलावर दोरा ताणला तर तेवढंच भरेल. पण विमान सुटतं मुंबईहून. तिथून लंडन ७,२०० किमीच्या आसपास. राहिलेले दोनशे किमी फक्त सरळ रेषेत, गाडीने ते अडीचशेच्या वर जातात.

वेळेचं गणित फारच ढोबळ आहे: अंतराला ताशी आठशेने भागायचं, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास. त्यात वारा कुठेच नाही. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. जाताना तो समोरून, येताना पाठीवर. त्यामुळे जायला साधारण तासभर जास्त लागतो, कॅल्क्युलेटर मात्र दोन्ही बाजूंना एकच आकडा दाखवतो. वळसेही त्याला कळत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आकाश बंद केलं. दोरा ताणून काढलेल्या अंतराला त्याचा पत्ताच नसतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तिकिटावरच्या घड्याळाचा. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ ला निघून संध्याकाळी ६.३० ला लंडन, हे बघून साडेचार तास समजू नका. लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे प्रवास दहा तासांचा. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, मग फरक साडेचारच उरतो.

आता उलटं मोजा. २ चं विमान, म्हणजे ११ ला विमानतळावर हजर. आनेवाडी आणि खेड शिवापूरचे टोलनाके, नवले पुलाची कोंडी, लोणावळ्याचा घाट आणि एक चहा धरून साताऱ्याहून सहा तास ठेवा. घर सोडायचं पहाटे ५ ला. बऱ्याच कंपन्यांचा चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, तेव्हा घाटात ट्रक आडवा झाला तर ही मधली सवडच उपयोगी पडते. पहाटे ५ पासून विमान उतरेपर्यंत १९ तास. तिथली पासपोर्टची रांग आणि सामान वेगळं. ज्येष्ठांची औषधं आणि डबा या १९ तासांच्या हिशेबाने हातातल्या पिशवीत ठेवा, पावणेदहाच्या नव्हे.

आणखी एक. लंडन नावाचं शहर कॅनडातही आहे, ओंटारिओ प्रांतात. अंतर एकदम बारा हजारांच्या पुढे दिसलं तर आधी नाव तपासा. गावांऐवजी विमानतळांची तीन अक्षरं टाकली, मुंबईला बीओएम आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाला एलएचआर, की ही चूक होत नाही.