29 वर्षांची मर्सिडीज ई-220 घरच्या पार्किंगमध्ये: 14 महिन्यांचा अनुभव

मामांची 1996 ची ई-220 ऑगस्ट 2024 मध्ये माझ्याकडे आली. त्यांच्या ठाण्यात नौपाड्यातल्या इमारतीचा पुनर्विकास निघाला, भाड्याच्या जागेत गाडी लावायची सोय नव्हती, आणि भंगारवाला पत्र्याचा भाव सांगून गेला होता. मामा म्हणाले, "अरे, चालते ती अजून. तिच्याकडे बघणारं कुणी उरलं नाही, एवढंच. तू घेऊन जा."

तेव्हापासून गाडी नऊ हजार किलोमीटर फिरली. एसीचा गॅस आणि व्हील अलाइनमेंट सोडलं तर सगळं काम मी वसंत विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलंय. मी मेकॅनिक नाही. नोकरी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सची, त्यामुळे मल्टिमीटर हातातला आहे, पण गाडीखाली आयुष्यात पहिल्यांदा शिरलो ते याच गाडीच्या. जुनी मोठी गाडी घरी सांभाळता येते का, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

या बॉडीला डब्ल्यू-124 म्हणतात. मर्सिडीजने 1995 मध्ये भारतात गाड्या जोडायला सुरुवात केली ती याच मॉडेलने, पिंपरीत टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात. इंजिन 2.2 लिटरचं, चार सिलिंडर, 16 व्हॉल्व्ह, 150 हॉर्सपॉवर. व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला रबरी बेल्ट नाही, साखळी आहे. पण घरी काम करणाऱ्याला सगळ्यात आधी आवडतं ते बॉनेट. बिजागरीजवळची खिटी सोडवली की ते पार सरळ, भिंतीसारखं उभं राहतं. डोकं आपटत नाही, उजेड थेट इंजिनावर पडतो, आणि कुठली वस्तू कशी काढायची हे नुसतं बघून बरंचसं कळतं. ज्यांनी ही गाडी काढली त्यांनी ती उघडणाऱ्या माणसाचा विचार केला होता, हे मला पहिल्याच रविवारी जाणवलं.

आता मूळ दुखणं. घोडबंदर रोडवर कापूरबावडीपासून गाड्या तुंबल्या की तापमानाचा काटा 100 च्या पुढे सरकायचा. मोकळा रस्ता मिळाला तरी खाली यायला फार वेळ घ्यायचा. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी बॉनेट उघडून पाच मिनिटं पाहिलं आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्या मधलं पॅकिंग, गेलंय म्हणून सांगितलं. इंजिन उघडायचं, हेड प्लेन करायचं, रेडिएटर नवा, वॉटर पंप नवा. अंदाज 1,85,000 रुपये. कसलीही तपासणी न करता. मला त्याचा राग आजही आहे, कारण माझ्या जागी मामा असते तर त्यांनी त्याच दिवशी गाडी भंगारात दिली असती.

घरी आणून मीही आधी चूकच केली. कुणीतरी म्हणालं म्हणून तापमानाचा सेन्सर मागवून बदलला. फरक शून्य. पैसे गेले ते गेलेच, वर पंधरा दिवसही. तिथून पुढे एक नियम पाळला: तपासल्याशिवाय पार्ट घ्यायचा नाही.

सकाळी थंड गाडीचं कूलंटचं झाकण उघडलं. आत चहासारखं तांबूस पाणी. कूलंट नाहीच, कित्येक वर्षं नळाचं पाणी भरलेलं. तेलाचा तवंग नव्हता. इंजिन चालू केल्यावर बुडबुडे येत नव्हते, रात्रभर उभ्या गाडीचा होज सकाळी फुगलेला नसायचा, धूरही पांढरा नव्हता. म्हणजे हेड गॅस्केटकडे बोट दाखवायला एकही पुरावा नव्हता.

मग थर्मोस्टॅट काढला, म्हणजे इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. घरातलं एक जुनं पातेलं मागून घेतलं, पाण्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगता ठेवला, तळाला लागू दिला नाही, शेजारी थर्मामीटर सोडला आणि गॅस बारीक केला. या इंजिनाचा थर्मोस्टॅट 87 अंशांना उघडायला लागतो. 87 झाले, 90 झाले, काही नाही. 95 ला नखाएवढी फट पडली आणि तिथेच अडकला. नवा आणून तसाच टांगला, तर 87 च्या आसपास झडप हलली आणि पाणी उकळेपर्यंत चांगली उघडली. पातेल्यावर वाकून ते बघताना मला जो आनंद झाला तो लिहून सांगता येणार नाही.

तरी ट्रॅफिकमधलं तापणं यातून पूर्ण सुटणार नव्हतं, कारण उभ्या गाडीत प्रश्न हवेचा असतो. समोरचा इलेक्ट्रिक पंखा एसी लावूनही फिरत नव्हता. त्याला बॅटरीतून सरळ करंट दिला तर गरगर फिरला. म्हणजे मोटर शाबूत. कनेक्टर उघडला तर पिना हिरव्यागार, एक तर हात लावताच तुटली. नवा कनेक्टर बसवला. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीतून धूळ, पिसं आणि पानं यांचा गोधडीसारखा थर निघाला. तो कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढे धुतला; जोराचा फवारा मारला असता तर पातळ पट्ट्या वाकल्या असत्या.

आतला गंज काढायला सायट्रिक अॅसिड वापरलं, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व. ते पाण्यात विरघळवून भरायचं, हीटर पूर्ण उघडा ठेवून गाडी तापवायची, थंड झाली की सोडायचं आणि साध्या पाण्याने धूत राहायचं. पहिलं पाणी विटेच्या रंगाचं आलं. सहाव्या वेळी स्वच्छ. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. गेल्या मे महिन्यात गायमुखच्या चढणीवर एसी लावून चाळीस मिनिटं अडकलो होतो, काटा 95 च्या वर गेला नाही. या सगळ्याचा खर्च, सेन्सर धरून, साडेअकरा हजार.

दुसरी गोष्ट फ्यूजची. ही गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी फ्यूज बॉक्स उघडावा. यात हल्लीचे पात्यांचे फ्यूज नाहीत. दोन्ही टोकं निमुळती असलेले, बोटाच्या पेरापेक्षा लहान फ्यूज पितळी पट्ट्यांच्या मध्ये दाबून बसवलेले असतात: पांढरा 8 अँपिअरचा, लाल 16 चा, निळा 25 चा. खाडीकाठच्या दमट हवेत टोकांवर भुरा थर धरतो. फ्यूज उडालेला नसतो, दिसायला ठणठणीत असतो, पण करंट जात नाही. माझ्या गाडीत मागची एक काच, हॉर्न आणि आतला दिवा आळीपाळीने बंद पडायचे. मामांनी काचेची मोटर दोनदा दुरुस्त करून घेतली होती. मी सगळे फ्यूज काढले, पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासल्या, फ्यूज नवे तांब्याचे घातले. ऑपेरा हाउसला एका जुन्या दुकानात मिळाले. तिन्ही तक्रारी एका सकाळीत गेल्या. आता दर पावसाळ्याआधी प्रत्येक फ्यूज जागच्या जागी दोन वेळा फिरवतो.

पावसाळ्यावरून वायपर आठवला. एकच दांडा, पण तो फिरता फिरता लांब-आखूड होऊन काचेचा 86 टक्के भाग पुसतो. जूनमध्ये तो रेंगाळायला लागला. मोटर नव्हे, दांड्याच्या मुळाशी असलेल्या गिअरमधलं ग्रीस वाळून डांबरासारखं झालं होतं. साफ करून नवं भरलं. तिथेच काचेखालच्या पन्हाळीत सोनमोहराचा पाला कुजून पाणी जायची वाट बुजली होती. ती मोकळी नसेल तर पाणी पायाखाली येतं, तेव्हा झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी हे विसरू नये.

सगळ्यात अवघड काम प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, पुढच्या रबरी डिस्कचं. क्लच सोडताना खालून 'धप्' असा आवाज यायचा. टॉर्च लावून पाहिलं तर रबराला बोल्टभोवती चिरा. गाडी चार जॅक स्टँडवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, घेतली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही, एक मिनिटही, जाऊ नये. शेजारचे काका एसटीच्या खोपटच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, ते खुर्ची टाकून बसले होते. शाफ्टवर खडूने खुणा केल्या, म्हणजे परत त्याच स्थितीत बसेल. एका नटापर्यंत पाना पोचेना. वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडे तो घासून पातळ करून घ्यायला नेला, तर तो म्हणाला, "दादा, चांगला पाना आहे, कशाला खराब करताय? माझ्याकडचा जुना घेऊन जा," आणि स्वतःचा घासून दिला. पैसे घेतले नाहीत. बसवताना काकांनी सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय: "बोल्ट घट्ट धर आणि नट फिरव. बोल्ट फिरवलास तर रबर पिळवटेल आणि सहा महिन्यांत पुन्हा फाटेल." नट अर्थातच नवे. सगळ्याला दोन रविवार लागले.

बाकीचं भराभर. इंजिन ऑइल साडेपाच लिटरच्या आसपास, दर सात हजारांना बदलतो. जुनं तेल कॅनमध्ये भरून गोळा करणाऱ्याला देतो, गटारात थेंबही नाही. ब्रेक ऑइल डॉट-4, ते हवेतला ओलावा ओढतं म्हणून दर वर्षी. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल असल्याने इंधनाचे जुने रबरी पाइप त्याला टिकणाऱ्या रबराचे घातले. हे काम टाळू नका, गळकं पेट्रोल आणि तापलेलं इंजिन शेजारी-शेजारी असतात.

शहरात लिटरला साडेसात किलोमीटर मिळतात, पुण्याच्या रस्त्याला अकरा. चौदा महिन्यांचा पार्टचा खर्च 61,000, जॅक, स्टँड, टॉर्क पाना मिळून आणखी 17,000. रोज ऑफिसला हीच एक गाडी असेल तर घेऊ नका. अर्धवट उघडलेली गाडी सोमवारी सकाळी कामाची नसते. सोसायटीची परवानगीही आधी घ्या. आमच्या कमिटीने रविवारी सकाळी 8 ते 1 अशी दिली आहे, खाली पुठ्ठे अंथरायच्या अटीवर, आणि मी ती कधी मोडली नाही.

नोंदणी 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, ती 2026 मध्ये येतेय. त्याआधी मागची रबरी डिस्क बदलायची आहे, पार्ट आणून ठेवलाय. मामांना दर महिन्याला एक फेरी असते, उपवन तळ्यापर्यंत. मागच्या रविवारी तळ्याजवळ त्यांनी खिडकीच्या बटणावर बोट ठेवलं, काच एका दमात खाली गेली, आणि त्यांनी ती पुन्हा वर घेऊन परत खाली सोडली.