मसाई मारा फोटो सफारी: ७ रात्री, दोन कॅम्प आणि एक अफलातून गाईड

सप्टेंबरात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि माझी बहीण, केनियात मसाई माराला जाऊन आलो. घरी आल्यापासून ओळखीतले सगळे विचारतायत कसं होतं, किती खर्च आला, कोणाकडून केलंस, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

सगळ्यात आधी गाईडबद्दल, कारण माझ्या मते पूर्ण ट्रिप त्याच्यावर उभी असते. आमचा गाईड स्वतःच गाडी चालवणारा, माराजवळच्याच गावातला मसाई माणूस, खिशावर सिल्व्हर बॅज. केनियात सफारी गाईड लोकांची एक असोसिएशन आहे, ती परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे देते, आणि बुकिंग करतानाच विचारायचं की आमच्या गाडीवर कुठल्या दर्जाचा माणूस देणार. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं, एका ताडोबाच्या ओळखीच्या नॅचरलिस्टने सांगितलं आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास त्याने गाडी एकदम थांबवली आणि इंजिन बंद केलं. समोर नुसतं गवत. आम्ही विचारलं काय आहे, तर म्हणाला त्या टॉमींकडे बघा. टॉमी म्हणजे थॉमसन्स गॅझेल, छोटी हरणं, पंधरावीस होती आणि सगळी चरायची थांबून एकाच बाजूला तोंड करून उभी होती. ताडोबात आपण वानराचा, चितळाचा धोक्याचा कॉल ऐकतो ना, तसं इथे उघड्या माळावर कान कमी आणि डोळे जास्त वापरायचे असं तो म्हणाला. पंचवीस मिनिटं आम्ही तिथेच, कुणी हललं नाही, आणि मग एका वारुळावर चित्ता चढून बसला. मादी होती, मागून दोन मोठी पिल्लं आली. आजूबाजूला एकही गाडी नाही कारण त्याने रेडिओवर बाकीच्या गाड्यांना लगेच सांगितलंच नाही, आधी तिला शिकार करू दे म्हणाला. तिने केली. मी फोटो काढायचं विसरले आणि मला त्याचं काही वाटत नाही.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे संस्थानच्या काळात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळायचे, त्यांना सांभाळणारे चित्तेवान असायचे, आणि इथले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून मागवले हे लहानपणापासून ऐकलेलं. भारतातले तर १९५२ पर्यंत संपलेच. त्यामुळे त्या वारुळावरच्या मादीकडे बघताना घशात काहीतरी आलं, खोटं सांगत नाही.

शिकारीवरून आठवलं, मला दोन जणांनी विचारलं की तिकडे अजून शिकार करायला नेतात का. केनियात नाही, १९७७ पासून पूर्ण बंदी आहे, तिथे सफारी म्हणजे फक्त कॅमेरा. पण सीमेपलीकडे टांझानियात परवाना काढून, फी भरून, प्रोफेशनल हंटर सोबत घेऊन शिकार आजही चालते, सेरेंगेटी नॅशनल पार्कमध्ये नाही पण त्याला लागून असलेल्या काही राखीव भागांत चालते. नामिबिया, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका इथेही. ‘बिग फाईव्ह’ हा शब्दसुद्धा शिकाऱ्यांचाच, पायी शिकार करायला सगळ्यात अवघड आणि धोकादायक ते पाच, सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप बफेलो. समर्थन करणारे म्हणतात त्या पैशावर जंगल टिकतं, जिथे टुरिस्ट जायला तयार नसतो तिथे तर नक्कीच. मी त्यांचं म्हणणं नीट वाचलंय, विचारही केलाय, तरी पैसे भरून सिंह मारणं मला पटत नाही आणि पटणार नाही. मात्र केनियात आपल्यासारख्या कॅमेरावाल्यांचा पैसा कुठे जातो हे बघायला मिळालं म्हणून कन्झर्व्हन्सीबद्दल लिहिते.

मुख्य मसाई मारा रिझर्व्ह साधारण १५१० चौरस किलोमीटर. त्याच्या उत्तरेला मसाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी आहेत, त्या एकत्र करून कन्झर्व्हन्सी केल्यात, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ वगैरे. कॅम्पवाले जमीनमालकांना भाडं देतात, आणि तंबूंची संख्या मर्यादित म्हणून गाड्याही मोजक्याच. आम्ही पहिल्या चार रात्री रिझर्व्हच्या गेटबाहेरच्या साध्या कॅम्पमध्ये आणि शेवटच्या तीन कन्झर्व्हन्सीत राहिलो आणि फरक जमीन-अस्मानाचा. रिझर्व्हमध्ये रस्ता सोडून गाडी घालता येत नाही, रात्री फिरता येत नाही (आणि ते बरोबरच आहे). कन्झर्व्हन्सीत नियमात राहून गवतात जाता येतं, रात्री लाल दिव्यात ड्राईव्ह होतो, मसाई माणसासोबत पायी फिरता येतं. पायी चालताना तरसाची पांढरी विष्ठा हातात घेऊन त्याने सांगितलं की हाडं खाल्ल्यामुळे ती अशी होते, आणि माझ्या सासूबाई, वय ६६, वाकून बघत होत्या. तो त्यांना मामा म्हणायचा. स्वाहिलीत मोठ्या बाईला आदराने मामा म्हणतात, त्यांना पहिल्या दिवशी कळेना की हा मला मामा काय म्हणतोय, शेवटी शेवटी हाक आली की ओ देऊ लागल्या. चाय, चपाती, गाडीला गारी आणि दुकानाला डुका, हे शब्द ऐकून तर त्या फारच खूश झाल्या.

आता जे खटकलं ते. आमच्या इकडच्या एजंटने ‘रिव्हर क्रॉसिंग गॅरंटीड’ असं तोंडी सांगितलं होतं. ऐका, असं कुणीही सांगू शकत नाही. जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्टचे (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण) कळप सेरेंगेटीतून माराकडे असतात हे खरं, पण नदी कधी ओलांडायची ते त्यांचं ते ठरवतात, पाऊस कुठे पडला, गवत कुठे आहे यावर. पहिल्या दिवशी आम्ही मारा नदीवर चार तास बसलो, कळप काठापर्यंत आला, पुढचे दोन पाण्यात उतरले, आणि तेवढ्यात काही गाड्या एकदम पुढे घुसल्या, अगदी कडेला, माणसं टपावर चढलेली. कळप वळला आणि गेला परत. आमचा गाईड काही बोलला नाही, फक्त स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मला त्या लोकांचा इतका राग आला, एवढा प्रवास करून येऊन ज्यासाठी आलो तेच मोडायचं! तिसऱ्या दिवशी दुपारी क्रॉसिंग झालं, आमची गाडी मुद्दाम लांब चढावर उभी, त्यामुळे मगरीचे क्लोजअप मिळाले नाहीत पण अख्खी रांग, धुरळा, तो आवाज, पलीकडे पोचलेली पिल्लं आयांना शोधत ओरडतायत हे सगळं दिसलं. लांबून बघा, खरंच सांगते.

पहिल्या कॅम्पवर जनरेटर रात्री दहाला बंद, चार्जिंग फक्त डायनिंग तंबूत, गरम पाणी सांगून ठेवलं तरच. जेवण ठीक, व्हेजवाल्यांना रोज राजमा, पालकासारखी सुकुमाची भाजी आणि चपाती, चपाती मात्र झकास. दुसऱ्या कॅम्पला नाव ठेवायला जागा नाही.

खर्च दर माणशी सगळं धरून साधारण साडेतीन लाख आला. त्यात मोठा वाटा प्रवेश फीचा, जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला रिझर्व्हचे दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १००. आणि बाहेर राहिलात तर तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच. हॉट एअर बलूनमधून फेरी मारायला अजून चारपाचशे डॉलर लागतात, आम्ही सोडलं आणि त्या पैशात कन्झर्व्हन्सीची एक रात्र वाढवली.

फोटोवाल्यांसाठी, लँड क्रुझरच घ्या आणि प्रत्येकाला खिडकी मिळेल हे लिहून घ्या, सहा सात जण कोंबले की अर्धा वेळ दुसऱ्याच्या डोक्याचे फोटो येतात. कॅमेरा टेकवायची बीनबॅग रिकामी न्या, तिथे तांदूळ भरून देतात. १००-४०० लेन्स पुरली, धुळीत लेन्स बदलू नका. ड्रोन नेऊच नका, परवानगी नसते. स्वेटर न्या, विषुववृत्ताजवळ आहे म्हणून फसू नका, जागा दीड हजार मीटरच्या वर आहे आणि पहाटे कडाक्याची थंडी. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच काढून ठेवा, केनियात २०१७ पासून बंदी आहे. नैरोबीहून गाडीने आलात तर पाचसहा तास, छोट्या विमानाने पाऊण तास पण सामान फक्त १५ किलो आणि मऊ बॅगच लागते.

यलो फीव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, नाहीतर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर अडकवतात. व्हिसाऐवजी आता ऑनलाईन ईटीए (प्रवासाची परवानगी) काढायचं असतं, ते आम्ही स्वतः काढलं, एजंट त्याचे वेगळे पैसे मागत होता.

पुढच्या वेळी एजंट नाहीच, थेट कन्झर्व्हन्सीच्या कॅम्पशी बोलून जूनमध्ये जायचं ठरलंय, कळप येण्याआधी, फी निम्मी असताना, आणि त्याच गाईडच्या तारखा मिळतायत का बघून मगच विमानाची तिकिटं.