तेल, हेल्मेट आणि उसने केस: चौदा महिन्यांचा अनुभव

डेंग्यूतून उठले तेव्हा केसांना काहीच झालं नव्हतं. अडीच महिन्यांनी, ऐन डिसेंबरात, मोरीच्या जाळीत रोज मूठभर केस सापडायला लागले. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं, एकाच वेळी बरेच केस विश्रांतीला जातात आणि मग एकदम गळतात, परत येतील, थांबा. थांबा म्हणणं सोपं आहे. संक्रांतीपर्यंत माझ्या वेणीची उंदराची शेपटी झाली होती आणि मे महिन्यात सख्ख्या भावाचं लग्न. करवली मी.

तर हे चौदा महिने मी डोक्याला काय काय लावलं त्याची ही हकिकत. मी बेळगावात राहते, टिळकवाडीतून रोज स्कूटरने ऑफिसला जाते, आठवड्यातून दोनदा खोबरेल लावल्याशिवाय मला झोप येत नाही. हे आधीच सांगते, कारण एक्स्टेन्शनच्या, म्हणजे वरून जोडायच्या उसन्या केसांच्या, जाहिरातीतल्या बायका स्कूटर चालवत नाहीत आणि तेलही लावत नाहीत.

सुरुवात घरातल्या ट्रंकेतून झाली. सासूबाईंनी त्यांचं जुनं गंगावन, म्हणजे वेणीत गुंफायचे उसने केस, काढून दिलं. अस्सल जुनं गंगावन वनगाईच्या, म्हणजे याकच्या शेपटीच्या केसांचं असायचं. सासूबाईंचं मात्र नायलॉनचंच निघालं. पांगुळ गल्लीत नवं बघायला गेले तर दुकानदार कानडीत म्हणाला, "चौरी बेकेन्री?" म्हणजे चौरी हवी का. चौरी म्हणजे गंगावनच. दोनशे रुपयांत कमरेपर्यंतची वेणी. गंगावनाला मी कधीच नावं ठेवणार नाही, पण ते फक्त वेणीत चालतं आणि त्याचा सगळा भार आपल्या वेणीवर येतो. माझीच वेणी करंगळीएवढी, त्यामुळे दुपारपर्यंत ते चार बोटं खाली घसरलेलं असायचं. सासूबाईंची युक्ती अशी, की मानेपाशी आधी काळ्या दोऱ्याने केस घट्ट बांधायचे, त्या गाठीच्या वर गंगावनाची दोरी अडकवायची आणि मग तीन पेड घालायचे. त्याने संध्याकाळपर्यंत टिकतं. मोकळे केस सोडायचे असतील तर मात्र उपयोग नाही.

मग क्लिपवाले केस. पहिला संच ऑनलाइन साडेसहाशेचा घेतला आणि त्यावर इस्त्री, म्हणजे स्ट्रेटनर, फिरवली. चर्र आवाज आला, प्लॅस्टिक जळल्याचा वास आला आणि टोकाला गोळी झाली. पाकिटावर "ह्युमन हेअर" छापलं होतं. तेव्हापासून काहीही घेण्याआधी दोन-चार केस काढून जाळून बघते. खरा केस जळताना केस जळल्याचाच वास येतो आणि जळलेलं टोक बोटांत चुरलं तर राख होते. नायलॉनचा कडक मणी होतो. दुकानदार तोंड वाकडं करतात, करू देत.

दुसरा संच खऱ्या केसांचा, अठरा इंची, सात पट्ट्या, एकशेवीस ग्रॅम. साडेसात हजार गेले. क्लिप छोट्या कंगव्यासारखी असते, आतून सिलिकॉनची पट्टी असते, दाबली की टक् करून बसते. शांपू करून केस गुळगुळीत असले तर ती टिकत नाही. आदल्या दिवशी धुतलेले केस घ्यावेत, मुळाशी दोनदा उलटा कंगवा मारावा आणि त्या फुगवट्यावर क्लिप बसवावी. भांगाच्या एक-दोन बोटं खालीच, नाहीतर वाऱ्याने केस उडाले की सगळा कारभार दिसतो. माझा नियम असा झाला की सहा तासांच्या वर क्लिप ठेवायच्या नाहीत. कानामागे दुखायला लागतं. आणि हेल्मेट! टाळूजवळची क्लिप हेल्मेटखाली अशी रुतते की सिग्नलला थांबून डोकं खाजवावंसं वाटतं. मी ऑफिसला पोचून बाथरूममध्ये क्लिपा लावायचे. जागा रोज थोडी बदलावी, एकाच ठिकाणी लावत राहिलं तर तिथलेच केस तुटतात. माझ्या डाव्या कानामागे तसा एक भुरा पट्टा अजून आहे.

आता टेप. हा भाग लांबणार, कारण पैसाही यातच गेला आणि शहाणपणही यातूनच आलं.

लग्नाच्या तीन आठवडे आधी कोल्हापूरला एका पार्लरमध्ये लावून घेतल्या. चाळीस पट्ट्या, म्हणजे वीस जोड्या. पट्टी साधारण चार सेंटीमीटर रुंद, त्यावर चिकटपट्टी. आपल्या केसांचा पातळ थर मधे घेऊन खालून एक आणि वरून एक पट्टी दाबायची, सँडविचसारखं. आधी कंडिशनर न लावता डोकं स्वच्छ धुतात. दोन तास लागले. पुढचे अठ्ठेचाळीस तास पाणी नाही, घाम येईल असं काही नाही. एप्रिलच्या उन्हात घाम येऊ द्यायचा नाही म्हणजे घरातच बसायचं. मी बसले. दिसायला विचाराल तर टेपला तोड नाही. पट्टी सपाट असते, हाताला लागत नाही, झोपताना टोचत नाही. आईलासुद्धा कळलं नाही, आणि माझ्या आईला गल्लीतल्या कुणाच्या भुवया कधी कोरल्या तेही कळतं.

हळदीच्या दिवशी आत्या आली. आमच्याकडे हळदीबरोबर तेल लागतंच, नवऱ्यामुलाला लावून झालं की करवलीची पाळी. मी "आत्या, नको गे" म्हणेपर्यंत ओंजळभर तेल टाळूवर. "कोरडं डोकं घेऊन कुणी करवली होते काय!" असं वर. मी तसंच हसत बसले, काय करणार. टेपचा गोंद दाबाने धरणारा असतो आणि तेल त्याचा शत्रू. पट्टी काढायला जे द्रव वापरतात त्यातही तेल किंवा अल्कोहोलच असतं. म्हणजे आत्याने फुकटात रिमूव्हर लावला होता. मी रात्री दोनदा धुतलं, पण दुसऱ्या दिवशी अक्षता पडताना माझ्या खांद्यावर एक पट्टी येऊन बसली. चुलत वहिनीने ती उचलून पदरात लपवली आणि कुणाला काही बोलली नाही. तिचे उपकार आहेत. चार दिवसांत सहा जोड्या घसरल्या.

उरलेल्या काढायला इथल्याच एका पार्लरमध्ये गेले ही माझी दुसरी चूक. त्यांच्याकडे रिमूव्हर नव्हता, "निघतात की हो असंच" म्हणत त्यांनी ओढायला सुरुवात केली. तीन ओढल्यावर मी उठले. त्या तिन्ही पट्ट्यांना माझे केस मुळासकट चिकटले होते. बाकीच्या कोल्हापूरला जाऊन काढल्या. तिथे द्रव फवारून पाच मिनिटं थांबले आणि पट्ट्या साय निघावी तशा सुटल्या. म्हणून लावणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा की काढता कशाने आणि ती बाटली दाखवा.

तेल न लावणाऱ्या, पातळ पण बऱ्यापैकी सरळ केस असलेल्या बाईला मी टेप आजही सांगेन. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांत पट्टी मुळापासून खाली येते, लोंबते, गुंतते. तेव्हा काढून, नवी चिकटपट्टी लावून परत वर बसवायच्या. केस तेच वापरता येतात, खर्च मजुरीचा. बेळगाव-कोल्हापूर शंभरेक किलोमीटर, दर दीड महिन्याला तवंदी घाट ओलांडून जायचं तर एसटीचं भाडं आणि एक रजाही त्यात धरा.

मधल्या काळात केस कुठून येतात याचं वेड लागलं. आपल्याकडे गल्लीत "केसांवर भांडीऽऽ" ओरडत येतात ना, आई वर्षानुवर्षं कोनाड्यात गुंतवळ साठवून त्यांना देऊन वाटी घ्यायची. ती गुंतवळ जाते कुठे? बरीचशी आपल्याच राज्यात, म्हणजे कर्नाटकात, कोप्पळजवळच्या भाग्यनगरात. तिथे घराघरातून बायका ती सोडवतात, लांबीप्रमाणे लावतात, आणि माल पुढे परदेशी जातो. तिरुमलाला मुंडणाचे केस लिलावात जातात, ती वेगळी प्रत. फरक असा, की केसावर माशासारखे खवले असतात, मुळाकडून टोकाकडे जाणारे. मुंडणाचे केस एका दिशेने बांधलेले राहतात, त्यांना बाजारात रेमी म्हणतात. गुंतवळीत मुळं-टोकं उलटसुलट, खवल्यात खवला अडकतो आणि जटा होतात. म्हणून आम्लात बुडवून खवले काढतात आणि वर सिलिकॉनचा थर देतात. दुकानात रेशमासारखं लागतं, पाच-सहा धुण्यांत थर जातो आणि मग झाडू. माझ्या टेपचे केस रेमी होते, क्लिपचे नव्हते, आणि हे कळायला मला पाच महिने लागले. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, बादलीला पांढरा थर धरतो, त्याने क्लिपचे केस आणखी लवकर राठ झाले. नळाला पाणी येईल त्या दिवशीच ते धुवायचे असं नंतर ठरवलं.

जुलैत मायक्रो रिंग लावल्या. यात गोंद नाही, उष्णता नाही. आपल्या केसांची बारीक बट एका छोट्या कडीतून ओढून घेतात, त्यात उसनी बट सारतात आणि पक्कडीने कडी दाबतात. कडी अॅल्युमिनियमची, आतून सिलिकॉन असलेलीच घ्या, नुसती धातूची केस कापते. मला एकशेवीस बटा लावल्या, साडेतीन तास, सोळा हजार. पहिल्या चार रात्री उशीवर डोकं टेकवता येत नव्हतं. पाचव्या दिवशी मानेजवळ बारीक पुळ्या आल्या, तशा आल्या तर समजा कड्या मुळाला फार जवळ आणि घट्ट आहेत. मी परत जाऊन तिथल्या दहा सैल करून घेतल्या. लाजू नका, जा. सतत ओढ बसली तर केस त्या जागी कायमचे विरळ होतात असं त्याच डॉक्टरांनी बजावलं होतं.

पण तेल चाललं! ओंजळीने नाही. बोटाचं टोक तेलात बुडवून कड्यांच्या मधल्या त्वचेवर, तासाभराने धुवायचं. सहा महिन्यांत एकूण पाच-सहा बटाच सुटल्या. हेल्मेटखालीही ठीक, फक्त टाळूवर कड्या नको असं लावतानाच सांगितलं होतं. खरा त्रास झाला पावसाचा. जुलै-ऑगस्टात बेळगावात टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तिथे एकशेवीस बटांची मुळं काय वाळणार. ओल राहिली की कुबट वास येतो, खाज सुटते. रोज रात्री पंधरा मिनिटं गार हवेचा ड्रायर मुळांवर, आणि सैल वेणी घालून झोप. ओले केस घेऊन कधीच झोपले नाही. हे जमत नसेल तर पावसाळ्यात रिंग लावू नका, दिवाळीनंतर लावा.

सात आठवड्यांनी कड्या वर सरकवताना प्रत्येक कडीतून गळलेल्या केसांचा पुंजका निघाला आणि मला रडू आलं. लावणाऱ्या बाई म्हणाल्या, "अक्का, हिशोब करा की." खरंच केला. कुणाचेही रोज पन्नास ते शंभर केस गळतात, सात आठवड्यांत ते साधारण अडीच ते पाच हजार होतात, आणि कडीत अडकलेले कुठे जाणार? तिथेच राहतात. रडू थांबलं, पुंजका मी तरी मोजला नाही. आणखी एक, एमआरआय करायचा असेल तर आधी सांगा, धातू डोक्यावर असतो.

केरॅटिनच्या गरम जोडाबद्दल माझा अनुभव नाही, बेंगळुरूच्या मावसबहिणीचा आहे. उसन्या बटेच्या टोकाचा केरॅटिनचा गोंद वितळवून आपल्या केसाला चिकटवतात, तीन-चार महिने हात लावावा लागत नाही, काढताना जेल लावून पक्कडीने चुरा करतात. तिचे केस दाट आहेत, तिला चाललं. माझ्यासारख्या नुकत्या गळून गेलेल्या डोक्याला मी ते लावलं नसतं. शिवून लावायचा प्रकार गोव्यात एका मैत्रिणीने केला, डोक्याला चिकटून बारीक वेण्या घालतात आणि त्यावर वाकड्या सुईने केसांची पट्टी शिवतात. कुरळ्या, दाट केसांसाठी ती उत्तम कला आहे. आपल्या सरळ केसांच्या वेण्या घसरतात, मग जास्त घट्ट घालतात, मग डोकं ठणकतं. तिने नवव्या दिवशी सोडवलं.

डिसेंबरात रिंग काढल्या. आतून आलेले नवे केस आता जेमतेम वीतभर झालेत आणि कपाळावर उभे राहतात. रोजच्याला काही लावत नाही. समारंभाला क्लिपा, त्याही सातातल्या चारच, आणि साडी असेल तर गंगावन.

यंदाच्या हळदीकुंकवाला आत्याने क्लिपांचा संच मागितला. मी म्हटलं, नेशील तर एका अटीवर, त्या दिवशी तेल लावायचं नाही. ती म्हणाली, "बरं की." संच परत आला तेव्हा डबा उघडायच्या आधीच खोबरेलाचा वास आला.