हिवाळ्यानंतरची गॅस ग्रिल: तापवून साफ करावी की खोलून धुवावी?

पहिला मार्ग सोपा. झाकण उघडं ठेवून ग्रिल पेटवायची, मग झाकण लावून साधारण 15 मिनिटं मोठ्या आचेवर तापवायची. जाळीवरचा जुना थर जळून राख होतो, ब्रशने सहज सुटतो.

दुसरा मार्ग वेळखाऊ: जाळ्या, बर्नर, ट्रे काढून कोमट साबणाच्या पाण्याने घासायचं, बर्नर मात्र कोरड्या ब्रशनेच. हात काळे होतात, तरी मोसमातल्या पहिल्या वापराआधी मी हाच निवडेन. हिवाळाभर न वापरलेल्या बर्नरच्या नळीत कोळी जाळी विणतात. नळी तुंबली की गॅस मागे येतो आणि ज्योत थेट नॉबपाशी पेटू शकते. पिवळी, मरगळलेली ज्योत ही त्याचीच खूण. नुसतं तापवून ती नळी मोकळी होत नाही, आत लवचिक ब्रश घालावाच लागतो. शिवाय ट्रेमध्ये साचलेली चरबी मोठ्या आचेवर भडकते. पुढे मोसमभर दर वेळी तापवणं पुरतं.

काहीही निवडा, पेटवण्याआधी नॉब बंद ठेवून सिलिंडर उघडा आणि पाइपच्या जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे वाढताना दिसले तर सिलिंडर लगेच बंद करा. तारेचा ब्रश वापरला असेल तर जाळी ओल्या फडक्याने पुसा. तुटलेली तार अन्नातून घशात जाते.